बाबांच्या मानपत्राचा मजकूर

आमच्या बाबांना लोकांनी पहिल्यांदा 'शेठ' म्हटलं तेव्हा आईला वाटलं, दारात दुसरंच कुणीतरी आलंय. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली, ओटीवर बसलेल्या तिघांकडे पाहिलं, बाबांच्या पाठीमागे कुणी उभं आहे का तेही वाकून पाहिलं आणि म्हणाली, "शेठ कुठं हायत?" तिघं हसले. बाबा हसले नाहीत. ते नव्या खुर्चीत जरा सरळ झाले आणि त्यांनी आईला चहा टाकायला सांगितलं. आई आत आली आणि मला हळूच म्हणाली, "सुले, तुजा बाप शेठ झाला गो. आता साखर जपून वापराय नको."

हायवेला लागून आमचा जमिनीचा एक पट्टा होता. त्यात गवताशिवाय कधी काही उगवलं नाही, म्हणून घरात त्याला कुणी विचारत नव्हतं. पण आजूबाजूला कंपन्या आल्या आणि तोच पट्टा विकला गेला. खारेपाटातलं आमचं कौलारू घर चुलत्यांकडे ठेवून आम्ही पेणला, रामवाडीत, सिमेंटच्या घरात राहायला आलो. गावाकडे आमचं भात होतं, थोडं मिठागरातलं काम होतं, आणि खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेला मातीचा बांध होता. रामवाडीत यातलं काहीच नव्हतं. तिथे शेजारी गणपतीचा कारखाना होता. दिवसभर मूर्तींवर काचपेपर घासल्याचा खरखर आवाज यायचा, पांढरी भुकटी उडून आमच्या तुळशीवर बसायची. समोरच्या घरात बायका पापड लाटायच्या. अंगणात खाटांवर पापड वाळत असले की त्या उडदाच्या वासानं मला शाळेतून येता येताच भूक लागायची. आई मात्र गावचीच राहिली. नव्या ओट्यावर गॅस आला तरी तांदळाची भाकरी ती मागच्या दारी चुलीवरच थापायची, आणि सुकट भाजायला घेतली की बाबा घाईघाईनं पुढच्या खिडक्या लावायचे. शेठच्या घरातून सुकटीचा वास येणं त्यांना बरं वाटत नसे. खायला मात्र पहिले तेच बसायचे.

बाबांनी तेव्हा भाषाही बदलायला घेतली होती. 'नाय' सोडून ते 'नाही' म्हणू लागले, 'हाय'च्या जागी 'आहे' आलं. हे सगळं ते शांत असेपर्यंत चालायचं. रागावले की 'नाय' आपोआप परतायचं, म्हणून आई म्हणायची की मानूस खरा कवा बोलतो ते आता लगेच कळतं.

मी बाबांना हसते आहे खरी, पण त्या वर्षी मीही काही वेगळी नव्हते. शेठची मुलगी म्हणून मी वर्गातल्या मुलींना बर्फाचे गोळे खिलवायचे, नवी कंपासपेटी सगळ्यांना वापरायला द्यायचे आणि त्या माझ्याभोवती जमल्या की मला फार भारी वाटायचं. परीक्षेच्या आधी गोळेवाला आठवडाभर आजारी पडला. त्या आठवड्यात मी डबा एकटीनं खाल्ला. त्यातून काही शिकावं एवढी अक्कल सोळाव्या वर्षी मला नव्हती. मी गोळेवाला बरा व्हायची वाट पाहत बसले.

गावच्या देवळाला बाबांनी लोखंडी घडीच्या खुर्च्या दिल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'सौजन्य : हरिश्चंद्रशेठ' असं लिहून घेतलं होतं. खुर्च्या टेम्पोत चढताना आई ते वाचत उभी राहिली. "म्हंजे आता समदी तुमच्या नावाला पाठ लावून बसनार," ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. हे दुर्लक्ष करणं त्यांना छान जमायचं. ते शेठ व्हायच्या आधीपासूनच जमायचं.

पण खुर्च्या देऊनही गावात कुणी त्यांना शेठ म्हणेना. तिथे ते 'हरी'च. मग ओटीवर चहाला येणाऱ्यांपैकी बाळाराम नावाच्या एका उत्साही गृहस्थानं कल्पना काढली की शेठचा जाहीर सत्कार करायचा. पेणमध्ये हॉल घ्यायचा, गावाला टेम्पो पाठवून बोलवायचं, शाल, नारळ, मानपत्र, सगळं रीतसर. खर्च अर्थातच सत्कारमूर्तींचा. बाबांना यात काही विचित्र वाटलं नाही. ते आईला आणि मला घेऊन शाल घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "कोणाला द्यायची आहे?" बाबा म्हणाले, "एका मोठ्या माणसाला." दुकानदारानं एक शाल पुढे केली. बाबांनी ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि दुसरी दाखवा म्हणाले. आई स्टुलावर बसून सगळं पाहत होती. बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "त्या मोठ्या मानसाला बरी दिसंल."

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अक्षराची अडचण नव्हतीच, अडचण मजकुराची होती. 'थोर समाजसेवक, दानशूर' एवढं लिहून झालं आणि माझं पेन थांबलं. शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नुसती विशेषणं नकोत, प्रसंग हवेत, त्यांना ओळखणाऱ्या माणसांना भेट. मी वही घेऊन निघाले. आता मी निवृत्त शिक्षिका आहे, आयुष्यात पुष्कळ मुलांना निबंध लिहायला लावलेत. पण त्या वहीइतका कठीण निबंध मी कुणाला दिला नसेल.

रामवाडीतली माणसं चांगली होती. सगळ्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि बराच विचार केला. पापड लाटणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "तुज्याकडं पूजेला मसालेभात लई बेस झालेला." मी ते लिहून घेतलं. कारखान्यातल्या रंगाऱ्यानं ब्रश बाजूला ठेवून आठवून आठवून सांगितलं की शेठ कधी त्रास देत नाहीत. तेही लिहिलं. मग रविवारी एसटीनं गावाला गेले, विठाआत्याकडे.

विठाआत्या बाबांची थोरली चुलत बहीण. नवरा गेल्यापासून गावची उघाडी तिच्याकडे होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरती आली की ते लावायचं, ओहोटी लागली की उघडायचं, म्हणजे शेतात साचलेलं पाणी खाडीत जातं आणि खाडीचं खारं पाणी शेतात येत नाही. हे काम बिनपगारी, आणि एक वेळ चुकली की साऱ्या गावाचं भात खारवलं. आत्याकडे घड्याळ नव्हतं, पण भरती कधी लागणार ते ती बसल्या जागी सांगायची.

"मानपत्र?" ती म्हणाली. "ते काय असतं?"

"म्हणजे बाबांनी काय काय चांगलं केलं ते त्यात लिहायचं."

आत्यानं वाल सोलता सोलता डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "लिही की. गुदस्ता बांध फुटून खांड पडली, तवा त्यानी दोन गडी धाडले."

मला एवढा आनंद झाला! अखेर एक प्रसंग मिळाला होता. मी तिथल्या तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'गावावर संकट आले असता दोन गडी पाठवून ग्रामस्थांना उपकृत केले.' आजूबाजूला जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, कौतुकानं हसताहेत. निघताना आत्यानं विचारलं, "सत्कार कवा हाय?"

"दसरा झाल्यावर, पौर्णिमेला. बाबांनी चांगला दिवस बघून घेतलाय."

"पुनवेला?" आत्याचा हात वालावरच थांबला. "पुनवेला उधान असतं गो. हरी इसरला काय?"

घरी येऊन बाबांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते खूश झाले. 'उपकृत' शब्द त्यांनी दोनदा म्हणायला लावला. स्वयंपाकघरात आईच्या हातातून झारा पडला, तो हसून पडला की कसा, ते मला तेव्हा कळलं नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून बाबांना त्यांचे चौथीचे गुरुजी हवे होते. ते निवृत्त होऊन रोह्याला राहत होते. आमंत्रण द्यायला आई आणि मी रेल्वेगाडीनं गेलो. तेव्हा ती गाडी आमच्यासाठी नवलाची होती. निडी स्टेशन मागे पडलं आणि आई उगाचच पिशव्या आवरून उभी राहिली, रोहं निसटून जाईल म्हणून. गुरुजींचं घर नदीच्या अंगाला होतं. त्यांनी पोहे केले, स्वतः केले, आणि आम्ही खात असताना माझा मसुदा वाचायला घेतला. त्या एका वाक्यापाशी त्यांनी चष्मा काढला.

"सुलभा, बांधाला खांड पडली की गाव काय मागतं?"

"घरटी एक माणूस," मी म्हणाले. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

"मग तुझ्या वडिलांनी काय पाठवलं?"

"गडी." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझे कान तापले. त्या बायका कशाला हसत होत्या ते मला पोहे खाता खाता कळलं. गावानं आमच्या घरातला माणूस मागितला होता, आणि आम्ही रोजावरचे दोन मजूर धाडून दिले होते. आई शांतपणे पोह्यांतले दाणे वेचत होती. तिला हे आधीपासूनच माहीत होतं.

"मग तुम्ही येऊ नका," मी रडवेली होऊन म्हणाले.

"का नको? येणार," गुरुजी म्हणाले. "हरी माझा विद्यार्थी. पाढे कायम चुकायचा, पण चुकलो असं स्वतःहून सांगायचा. हात पुढे करायचा. असे फार नव्हते वर्गात."

मी ते वाक्य खोडलं. मानपत्रात आता मसालेभात आणि त्रास न देणं एवढंच उरलं. बाबांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. ते रोज संध्याकाळी आरशासमोर उभे राहून भाषण पाठ करत होते, आणि 'मी एक सामान्य माणूस' या वाक्याशी त्यांचा आवाज दाटून यायचा.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी आम्ही हॉलवर गेलो. बाबांनी नवा सफारी घातला होता. गुरुजी वेळेआधीच येऊन बसले होते. ओटीवरची चहाची माणसं पहिल्या रांगेत होती, मागे रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी. गावाला आणायला रज्जाकभाईंचा टेम्पो गेला होता. रज्जाकभाई कुवेतहून कायमचे परत आलेले, आमच्या गावाशेजारच्याच मोहल्ल्यातले, त्यांचंही भात त्याच बांधाच्या आत होतं. तीन वाजले, साडेतीन झाले. बाळारामनं माइकवर तीन वेळा 'हॅलो' म्हटलं आणि तीनही वेळा रिकाम्या हॉलनं त्याला तेच परत दिलं. मी हातात मानपत्र घेऊन देवाजवळ मनातल्या मनात मागत होते की लाइट जावी, निदान माझा घसा तरी बसावा.

शेवटी टेम्पो आला, रिकामाच. रज्जाकभाई गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, दारातूनच ओरडले, "हरी, कोन नाय येनार. दुपारच्या भरतीला खांड गेली. समदी बांधावर हायत. मी फकस्त सांगाया आलोय, मला परत जायचंय."

बाळाराम माइकजवळ जाऊन म्हणाला, "शेठ, आपण कार्यक्रम आटपून घेऊ. फोटो तरी होतील." बाबा स्टेजवर बसून होते. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी फक्त पाहत राहिले, पाढ्याचं उत्तर ऐकायला थांबावं तसे. मला आजही ते दोघं तसेच दिसतात. बाबांच्या कपाळावर घाम होता. मग ते उठले, स्टेजच्या पायऱ्यांकडे न जाता समोरूनच खाली उतरले आणि म्हणाले, "रज्जाक, थांब. मी येतो." आई त्यांच्याआधी टेम्पोत चढली होती. ती एवढी चपळ आहे हे मला त्या दिवशी समजलं. गुरुजी आणि मी मागून चढलो.

बांधावर पोचलो तेव्हा ओहोटी चांगलीच उतरली होती. खांड म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते : एखाद्या घराच्या रुंदीएवढा बांध नाहीसा झालेला असतो, त्यातून खाडी आत शिरून गेलेली असते आणि पिवळं व्हायला आलेलं भात पाण्यात आडवं झालेलं असतं. पुढची भरती यायच्या आत तो तुकडा भरायचा, खुंट ठोकून, पेंढा घालून, चिखल रचून. बायका-पुरुषांची लांब रांग लागली होती आणि चिखलाचे गोळे हातातून हातात चालले होते. कुणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. बाबा सफारीसह चिखलात उतरले, पाचव्या पावलाला घसरले आणि बसले. तेव्हा मात्र रांग हसली. एक म्हातारा ओरडला, "आरं, खुर्ची आना रे त्याला, त्याचंच नाव लिवलेली!"

बाबा उठले. विठाआत्याच्या समोर जाऊन उभे राहिले. "अक्का, चुकलो," ते म्हणाले. "गुदस्ता मी यायला पायजे होतं. नाय आलो."

आत्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "चूक मागनं सांग. आधी चिखल धर."

बाबांनी चिखल धरला. त्यांना जमत नव्हतं. शेठपणाच्या थोड्याच वर्षांत हात मऊ झाले होते, गोळा हातातून सुटायचा, पलीकडच्या माणसाच्या पायावर पडायचा, आणि तो बाबांना जे बोलायचा ते मानपत्रात घालण्याजोगं नव्हतं. पण त्यांना रांगेतून बाहेर हो असं कुणी म्हटलं नाही. आई रांगेत, मी रांगेत. आणि थोड्या वेळानं पाहते तो धोतर खोचून गुरुजीही रांगेच्या टोकाला पेंढा देत उभे. अंधार पडायच्या आत तुकडा कसाबसा उभा राहिला. मग सगळे बांधावरच बसले. कुणाच्या तरी घरून भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी आली. बाबांचे तळवे सोलले होते, त्यांना भाकरी मोडता येईना. शेजारच्या माणसानं न विचारता ती मोडून त्यांच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबा परत गेले, तिसऱ्या दिवशीही. गोष्टीत असतं तसं काही झालं नाही. गावानं त्यांना खांद्यावर घेतलं नाही. उलट पुढे वर्षभर त्यांना 'सफारी' हे नाव पडलं. ओटीवरची माणसं हळूहळू यायची बंद झाली. आधी बाबांना ते लागलं, मग त्यांना ते आठवेनासं झालं. पण दर पुनवेला आणि अवसेला ते सकाळची एसटी धरून गावाला जायचे. बांधावरून चालत जायचे. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायचे, कुठे माती बसलीय ते आत्याला सांगायचे. पहिली दोन वर्षं आत्या म्हणायची, "तुला काय कळतं?" तिसऱ्या वर्षी म्हणाली, "दाखव कुठं." हा एवढा बदल व्हायला किती फेऱ्या लागल्या ते आईला माहीत, कारण दर पुनवेला आणि अवसेला बाबांचं जेवण भरती-ओहोटीच्या वेळा पाहून पुढे ढकललं जायचं. "घड्याळ इकून टाका," ती म्हणायची, "चंद्र बघून वाढते."

हल्ली इथे रोह्यात, माझ्या सासरी, चौकाचौकात फलक लागतात. कालच एका विशीतल्या मुलाचा पाहिला, गॉगल लावलेला, खाली 'आधारवड' असं लिहिलेलं. मला हसू आलं, पण त्या मुलाचा राग आला नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मला पाच शाली मिळाल्या आणि त्यातली कुठली अधिक चांगली आहे ते मी घरी येऊन दार लावून पाहिलंच की.

मी पदवीधर झाले त्या वर्षी विठाआत्याचे गुडघे गेले. उघाडीपर्यंत तिला चालवेना. देवळात गाव बसलं. उघाडी कुणाकडे द्यायची हा खरं तर भांडणाचा विषय. बाबा मागे, खांबाला टेकून बसले होते. आत्या म्हणाली, "हरीकडं द्या," आणि कुणीच काही बोललं नाही. ज्या गावात देवळाला कुठला रंग द्यायचा यावरून तीन बैठका झाल्या होत्या, त्या गावात कुणी काही बोललं नाही. बाबांनी रात्रीच्या आत चुलत्यांना सांगून गावच्या घराची मागची खोली झाडून घेतली. आई-बाबा त्या महिन्यात गावाला परत राहायला गेले. रामवाडीच्या घरात भाडेकरू आले.

त्याच वर्षी मला रोह्याचं स्थळ आलं. माझे सासरे मला पाहायला यायच्या आधी गावात चौकशीला आले होते, हे मला लग्नानंतर त्यांनीच सांगितलं. ते कुणाला काही न सांगता एसटीतून उतरले आणि बांधाच्या कडेला गुरं चारणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलं, "हे हरिश्चंद्र कसे आहेत माणूस म्हणून?" बाई म्हणाली, "हरीभाऊ? आमची उघाडी त्यांच्या हाती हाय." तिनं एवढंच सांगितलं आणि ती गुरांमागे निघून गेली. सासरे कुंडलिका नदीच्या काठचे, त्यांची शेतंही खाऱ्या पाण्याशेजारची. ते तिथूनच मागे फिरले. परतीच्या एसटीला अजून तासभर अवकाश होता, पण गावात जाऊन आणखी कुणाला काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही. बांधावर बसून ते गाडीची वाट पाहत राहिले.